चालतं का?

मर्गिलानात, कुमतेपा बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर
माझं औषधांचं दुकान.
काउंटरवर दोन मशीनं, शेजारी शेजारी,
एका चुलीवरच्या दोन जावांसारखी:
हिचं ती खात नाही, तिचं ही.

करड्या मशीनला उझकार्ड लागतं,
आठ-सहा-शून्य-शून्यनं सुरू होणारं.
दुसरीला हुमो.
हुमो म्हणजे तो पक्षी,
ज्याची सावली पडली की माणूस राजा होतो म्हणे.
माझ्या गल्ल्यावर दिवसातून चाळीसदा पडते.
दुकानाचं भाडं मार्चपासून थकलंय.

गिऱ्हाईक नेमकं तेच कार्ड काढतं
ज्याचं मशीन त्या दिवशी रुसलेलं असतं.
व्हिसा? आहे ना, माझ्या भावाकडे आहे.
इस्तंबूलला चालतं, दुबईला चालतं,
सोलमध्ये मेट्रोच्या जिन्याखाली शेवया विकणाऱ्या बाईकडेही चालतं.
माझ्याकडे चालत नाही.
इथं ते फरगान्यातल्या हॉटेलच्या एका एटीएमपुरतं,
तेही वीज असेल तर.

तोजीखोन ओपा मंगळवारी येतात.
रुमालाच्या गाठीत तीन कार्डं.
वर पेन्शनचं. मधे सुनेचं.
सगळ्यात खाली हिरवं, कडा झिजलेलं,
रशियातलं, मीर.
"आधी हे घाल."
मी घालते.
पूर्वी चालायचं. मग एका सप्टेंबरात
दुकानोदुकानी एकदम चालेनासं झालं.
मशीन जरा विचारात पडतं,
मग जीभ काढावी तशी चिठ्ठी काढतं: नामंजूर.
"नाही ना चालत?"
"नाही, ओपा."
"बरं," म्हणतात,
आणि पेन्शनच्या कार्डानं
जिभेखाली धरायच्या गोळ्या घेऊन जातात.

मला वाटायचं, वय झालं, विसरतात.
मग एकदा, दुकानात कुणी नसताना,
त्यांनी सगळा हिशेब मांडला:

नवरोजला इकबोल आला, जाताना हे विसरला.
फोनवर म्हणतो, पाठव आई, कुणाहीबरोबर.
चेल्याबिन्स्कला बसमध्ये चालतं ते,
खानावळीत चालतं, त्याचं अडतंय.
मी म्हणते, हो हो, पाठवते.
पण भरवशाचं माणूसच मिळत नाही, बघ.

(त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच
रशियाची बस भरते. आठवड्यातून दोनदा.
निम्मे प्रवासी त्यांचे भाचे-पुतणे.)

"इथं चालायला लागलं ना," गाठ मारता मारता त्या म्हणाल्या,
"तर म्हणेल, राहू दे, तूच वापर.
चालत नाही, म्हणून तरी न्यायला येईल."

बँकेनं त्याला कधीच दुसरं दिलं असेल,
असल्या गोष्टीला तिथं चार दिवस लागतात,
हे माझ्या ओठावर आलं होतं.
मी गोळ्यांचं पाकीट पुढं सरकवलं.
तेव्हापासून मंगळवारी मशीन विचारात पडलं
की मीही श्वास धरते,
आणि नामंजूर आलं की सोडते.

परवा कंपनीचा पोरगा येऊन
दोन्ही मशीनं उचलून घेऊन गेला.
एकच ठेवलं, काळं, काचेचं.
उझकार्ड, हुमो, व्हिसा, एकाच फटीत.
आता जावांचं भांडण मिटलं, म्हणाला,
आता तुमच्याकडे सगळं चालेल.

सगळं?

मीर सोडून, तो म्हणाला,
आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळला.

मी त्याला बसवून चहा पाजला.
वर बदाम दिले मूठभर.