वाळायला दोन दिवस लागतात

बस, गेदेऑन. ते स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो.
पिल्लू दे इकडे, मांडीवर.
एवढ्या थंडीत सोल्नोकहून आलास
आणि विचारतोस, जिंकायला काय लागतं.

टॉवेल लागतात. एकोणीस.
जुने, धागा न सोडणारे.
दोन पंखे लागतात, आणि तिसरा उसना.
शेजारची बोरोका देते,
पण वर्षभर ऐकवते.

आत्ता याचे केस मऊ आहेत.
नववा महिना लागला की गुंता धरेल.
तेव्हा कंगवा शोधू नकोस, कंगवा विहिरीत टाक.
बोटं घाल मुळाशी, पार कातडीपर्यंत,
आणि एकेक जट फाडून वेगळी कर.
पुली कुत्रा असाच घडतो, बोटांनी.
रोज संध्याकाळी.
माझा नवरा गेला त्या संध्याकाळीही
मी डाव्या कुशीच्या अकरा जटा सोडवल्या.
लोक म्हणाले, दगड आहे बाई.
बोटांना दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

पावसात न्यायचं नाही.
गवतात न्यायचं नाही, कुसळं भरतात.
पाणी पाजताना दाढी चिंधीने बांधायची.
आणि मेंढ्या दिसल्या तर दोर आखडून धरायचा.
याच जातीचा कुत्रा माझ्या आजोबांच्या कळपात
मेंढरांच्या पाठींवरून पळत जायचा,
या टोकाकडून त्या टोकाला.
पेर्न्येला मेंढी ठाऊक होती
ती फक्त हाडातली.

अंघोळ गुरुवारी, म्हणजे शनिवारी कोरडी.
वाळायला दोन दिवस लागतात.
आतून ओल राहिली तर कुबट वास येतो,
आणि परीक्षक नाक घालतो बरं का, थेट जटांत.
दात बघतो. मणक्यावरून थंड बोटं फिरवतो.
मग म्हणतो, चालवा.
जमीन तापलेली असावी तसं चालायला हवं,
आखूड पावलं, उडती.
दोन मिनिटं.
पाच वर्षं बोटं झिजवायची, ती या दोन मिनिटांसाठी.

चार वेळा हरलो.
एकदा ती परीक्षकाच्या बुटाशी बसली
आणि निवांत मुतली.
बाकी तीनदा चूक माझी. हाताला घाम.
डोळ्यांवर जटांचा पडदा, तिला तोंड दिसत नाही आपलं,
पण दोर तिला वाचता येतो.
तुला भीती वाटली की ती आधी दोराला वाटते.

पाचव्यांदा, डेब्रेत्सेनला, जिंकलो.
का म्हणशील तर
घरची शेगडी बंद केली होती का, तेच मला आठवेना.
सबंध फेरी मी शेगडीपाशी होते,
दोर हातात होता की नव्हता कोण जाणे.
ती एकटीच चालली.
तो बघ कप. त्यात बटणं आहेत.

हे कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते.
कुत्री व्याली की जटा गळतात.
म्हटलं, पिल्लं पुढच्या वर्षी.
मग म्हटलं, त्याच्या पुढच्या.
मग डॉक्टरीणबाईंनी हात पुसले
आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मार्चमध्ये कापल्या. मेंढरांची कात्री.
साडेतीन किलो भरल्या, पावाच्या टोपलीत ठेवल्या.
खालून निघाली ती एवढीशी,
बरगड्या, गुलाबी कातडी.
डोळे मिचकावत बघत राहिली माझ्याकडे.
कितीतरी वर्षांनी मधे काही नव्हतं.
मग जवळ येऊन हात हुंगला,
ही तीच का, याची खात्री करायला.
आणि सुटली ती कालव्याकडे.

ती काय, दाराशी बसलीय. आजही भिजून आलीय.
अर्ध्या तासात सुकेल.

टोपली? असू दे, झाकण नको काढूस.
इकडे ये, उजेडात.
हात लाव इथे, याच्या कानामागे.
लागली ना बोटाला?
पहिली गाठ.