जावक क्रमांक

बाईंचा मेल आला : अर्ज अजून प्रक्रियेत आहे.
नोव्हेंबरात हेच होतं. डिसेंबरातही.

प्रक्रिया म्हणजे काय ते मला विचारा.
अडतीस वर्षं सोलापूरच्या कचेरीत
मी जावक नोंदवहीवर बसलो.
प्रक्रिया ही एक लाकडी फळी असते, खिडकीकडची,
दुपारी तिच्यावर ऊन येतं
आणि सगळ्यात वरच्या फायलीचा रंग उडतो.
बाकी तिथे काही होत नाही.

निवृत्तीनंतर विजापूर रोडच्या घरावर
दोन खोल्या चढवल्या, पाहुण्यांसाठी.
पहिलं बुकिंग थेट मोम्बासाहून :
म्वानाइशा, निवृत्त नर्स, बारा ते सतरा जानेवारी.
त्यांच्याकडे एक चादर आहे,
वडिलांनी बंदरावर घेतलेली, मधे मोर,
काठावर विणलेली अक्षरं : सोलापू
र गेला बासष्ट वर्षांच्या धुण्यात.
हे काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.
मी कळवलं, उरलेलं अक्षर इथे येऊन बघा.

साखर पेठेत अंबाजी गुर्रमला सांगून ठेवलं,
बाई येतायत, हातमाग उतरवू नकोस.
तो रोज चार बोटंच विणायचा, संपू नये म्हणून.
‘किती दिवस रे बिराजदार?
सूत काय तुझ्या सरकारचं आहे?’
मेहबूब रिक्षावाल्यानं नातवाकडून
‘करीबू’ शिकून घेतलं, नान्नजच्या माळावर नेणार होता.
आमच्या हिनं शेंगाचटणी तिखट कमी करून तीनदा केली.
तिन्ही वेळा आम्हीच खाल्ली.

भोगीला अक्षता पडल्या.
सिद्धरामेश्वराचं लग्न कुणाच्या शिक्क्यासाठी थांबत नाही.
बाराबंदीतल्या गर्दीत मी फोन वर धरला,
नंदीध्वज हलला, फोटोही हलला,
तसाच पाठवला.

जावई म्हणतो, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.
असतो ना. तपासा. कसून तपासा.
पण तपासायला लागतो एक दिवस, फार तर दोन,
उरलेले सगळे त्या फळीचे.
हे मी बोलतो कारण मला माहीत आहे.
एक्क्याण्णव साली एका माणसाचा दाखला
माझ्यापाशी सतरा दिवस पडून होता.
मी रजेवर नव्हतो. शाई होती, शिक्काही होता.
त्याला कुवेतची नोकरी लागलेली.
रोज यायचा, टोपी हातात घेऊन उभा राहायचा,
मी मान वर न करता म्हणायचो,
प्रक्रियेत आहे.
नाव आठवत नाही. टोपी आठवते,
आतून घामाचा पिवळा काठ असलेली.

तीन मार्चला बाईंचा व्हिसा आला.
तिकिटाचे पैसे बुडालेले, आता दर दीडपट.
इथे पारा चाळिशीला टेकलेला,
गड्ड्याच्या मैदानावर नुसती धूळ आणि एक पाळणा, खोललेला.
‘आता आले तर चालेल का?’

गुर्रमला फोन केला.
म्हणाला, चार बोटं शिल्लक आहेत अजून.
खोटं बोलत होता. मागावर त्याने
नवा ताणा चढवला होता, स्वतःच्या पैशानं.

मी जुनी वही काढली, कोरं पान.
जावक क्रमांक एक.
विषय : या. ऊन फार आहे, खोली मोकळी आहे.
मिळाल्याची तारीख तीन.
रवाना केल्याची तारीख तीन.
दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं, हेही लिहिलं,
तसा रकाना नव्हता, तरी.