मंगळवार, दोन ते तीन

वेळांच्या वाटपात मी तोंडच उघडलं नाही,
म्हणून उरलेलं माझ्या वाट्याला आलं:
मंगळवार, दुपारी दोन ते तीन.

सकाळ फ्लोरिंडाने नेली, मासळीच्या दरांसकट.
संध्याकाळ ब्रायझनची: तियात्राची कांतारं,
आणि मधूनच ड्रमचा तो गोंगाट
ज्याला कुंकळयेकर सर ‘प्रयोग’ म्हणतात
आणि प्राचार्य दुसरंच काही.
रविवारवर दोघं अडून बसले,
मराठी नाट्यपदं की कोंकणी कथा.
शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.
क्रिकेट निघालं.

‘दोन ते तीन?’ सुलक्षा हसली,
‘अगे, त्या वेळी केपें निजतं.’

निजतंच.
बाजारातली शटरं गुडघ्याइतकी उरतात,
औषधवाला काउंटरमागे चटई पसरतो,
कुशावतीच्या पुलावर मधोमध एक कुत्रा,
आणि मडगावची बस त्याला वळसा घालून जाते,
हॉर्न न वाजवता.

स्टुडिओ म्हणजे जुनी रसायनशाळा.
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
बेसिनला अजून आम्लाचा वास.
पंखा बंद ठेवायचा, तोही बोलतो.
माझा आवाज दहा किलोमीटर जातो.
पुढे डोंगर.

पहिल्या मंगळवारी मी ओरडलेच,
बहिऱ्या काकांशी बोलावं तसं.
दुसऱ्या मंगळवारी शिष्यवृत्तीच्या तारखा वाचल्या,
बसपासाचे नियम, हरवलेली एक छत्री,
आणि कागद संपला. वीस मिनिटं शिल्लक.
मी खिडकी उघडली, माइक तिकडे वळवला.
झावळ्या. पाडेल्याचा कोयता.
मग नारळ पडला,
थेट प्रक्षेपणात.

चौथ्या मंगळवारी फोन वाजला. आमचा पहिला.
बाळ्ळीहून कोणी बाई, कुजबुजत:
‘बाय, मातशें ल्हवू उलय,
भुरगें आतांच न्हिदलां.’
आणि मी काही म्हणायच्या आत,
‘बंद मात करूं नाका.’

आता सर म्हणतात, आवाज तयार झालाय,
पणजीला एका वाहिनीत जागा आहे,
पाच मिनिटांचा नमुना पाठव.
मी सगळ्या फायली ऐकल्या.
एक बाई हळू काहीतरी सांगते आहे,
थांबते आहे,
मग बराच वेळ झावळ्या.
‘छान,’ सर म्हणाले, ‘पण यात निवेदन कुठाय?’

नमुना गुरुवारपर्यंत द्यायचाय.
आज मंगळवार, एक अठ्ठावन्न.
पंखा बंद करते.
चपला दाराबाहेर काढून ठेवते.