दीड इंच माया

आर.सी. चर्चच्या स्टॉपमागे माझं दुकान.
दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल
आणि खिळ्याला लटकवलेली मापांची वही.
जहाज सुटायच्या आधी आठवडाभर पोरांची रीघ लागते:
नावाच्या पट्ट्या, पँटची उंची,
कुणाची फीत उलटी शिवलेली.
कुठे चाललात, हे विचारायचं नसतं.
मी एवढंच विचारते, थंडी की ऊन?
"ऊन, रझियाभाभी. लई ऊन."
मग मी काखेत दुहेरी शिवण घालते.

परत येतात तेव्हा आधी कपडे बोलतात.
कुकच्या बाहीवर कोपरापर्यंत तेलाचे ठिपके
(जहाज कललं की दोनशे पुऱ्या
एका बाजूला घसरतात म्हणे, आणि हसता येत नाही,
रांगेत भुकेले उभे असतात).
इंजिनवाल्याच्या खिशात काळा बोळा,
तो आधी फडका होता.
टेहळणीवाल्याची कॉलर
उजवीकडे विटलेली, डावीकडे कोरी.
चार महिने त्याला सूर्य एकाच बाजूने भेटला.
एका खिशात कागद निघाला:
बादलीभर पाण्याचा हिशोब. अंघोळ, दाढी, बनियन.
खाली, वेगळ्या शाईत,
"चिन्नूला दात आला का, विचारणे."
कागद मी वाळवला. इस्त्री केली. परत खिशात.

हरेश्वर तांडेल मात्र तोंडाने बोलतो.
इथल्याच मच्छीमार नगरातला.
बाप अजून होडी काढतो, मुलगा युद्धनौकेवर.
मागच्या खेपेला बटणं लावून घेताना म्हणाला,
"पहाटे साडेचारला एक होडी दिसली, दिव्याशिवाय.
वीस मिनिटं बंदूक रोखून उभा होतो, भाभी.
कान खाजत होता. खाजवता येईना.
जवळ आली तर सहा माणसं,
रिकामे कॅन डोक्यावर धरलेले. पाणी मागत होती.
त्यांच्यातला म्हातारा
डाव्या पायाने जाळं बाजूला सारत होता.
आमचा बापूस तसंच सारतो."
"मग?"
"दिलं पाणी. त्यांनी एक सुरमई वर फेकली.
साहेब म्हणाले, घ्यायची नाही.
खाली टाकली परत."
दोरा तोडेपर्यंत गप्प बसला.
"बापसाला नाही सांगितलं हे."

यंदा त्याची बायको आली, ललिता, एकटी.
जहाज लांबलंय. किती, ते तिलाही ठाऊक नाही.
पोरीचं बारसं थांबवून ठेवलंय,
पोर आता बसायला लागली.
"तो येईल त्या दिवशी नवा शर्ट पाहिजे, भाभी."
माप?
"वाळलाय. व्हिडिओत बघितलं ना मी."
व्हिडिओ म्हणजे अर्धा चेहरा, एक पंखा,
आणि "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का".
तिने दोन्ही हात पुढे करून कडं केलं.
"एवढा."
मी त्या कड्यातून टेप फिरवली, हवा मोजली.
छत्तीस.
वहीत अडतीस होतं.
तिच्यासमोर वही उघडली नाही.
छत्तीसच बेतला,
फक्त आतल्या बाजूला, दोन्ही कडांना,
दीड दीड इंच माया ठेवली.
बोलले नाही. कापड आत दुमडलेलं कुणाला दिसतं?

गणपती होऊन गेले, मग तो आला.
शर्ट घातला आणि तिसऱ्या बटणाशी अडला.
सदतीस.
ना तिचा हात खरा, ना माझी वही.
तरी ललिता बाहेरच्या बाकावरून म्हणत होती,
"बघा, सांगितलं ना मी, वाळलाय!"
पोर तिच्या मांडीवरून त्याच्याकडे बघायची
आणि तोंड फिरवायची.
मी शिवण उसवायला घेतली.
खांद्याशी टेप लावते
तर हा डावीकडे झुकतो, मग उजवीकडे,
सावकाश, पायाखाली काहीतरी कलल्यासारखा.
"सरळ उभा राहा रे."
"उभाच आहे की, भाभी."