टोकं

तुर्कूची नदी गोठलीय. तळघरात साइमी
थेंब बुडवते द्रव इथेनमध्ये: निमिषात काच.
आत धागे, जिथे होते तिथेच अडकलेले,
अर्धं वाक्य तोंडात धरून.

धागे म्हणजे पेशीतली हाकाटी.
विषाणू शिरतो. त्याच्या आरएनएचं उघडं टोक
कुणीतरी अंधारात चाचपतं.
चौघं मिळून एक कडं धरतात, त्या कड्यावर
पहिलं प्रथिन अंग वळवून बसतं,
दुसरं त्याची री ओढतं, तिसरं दुसऱ्याची,
आणि मायटोकाँड्रियाच्या पाठीवर बघता बघता दोर.
आता माघार नाही.

साइमीने वर्षभर लिहिलं: तीन पदर, डावा पीळ.
चित्रं राखाडी, दाणेदार, गार झालेल्या रव्याच्या पेजेसारखी.
सावलीला खोली नसते. हजारो सावल्या
एकीवर एक रचल्या, तरी
विचाराल त्याला त्या हो म्हणतात.
तिने तीन विचारले होते.

रविवारी ती नमुना घेऊन गेली,
पांढऱ्या प्लास्टिकचा, वीतभर.
बाप ओइवा, चाळीस वर्षं दोरखान्यात,
डोळे गेलेले, अंगठा शाबूत.
अंगठा खालून वर फिरला.
"डावा. जहाजावर नाही चालायचा. कशाचा आहे?"
"तापाचा," ती म्हणाली.
तो हसला, कॉफी बशीत ओतली, फुंकली.
"मधला भाग कुणीही सांगेल गं.
टोकं मोजलीस का?"

बसमध्ये नमुना हातमोज्यात.
रात्री तिने सगळे आकडे मोडले,
एकाच पदराला सांगितलं, तूच फीर,
पायरीमागे शंभराहून किंचित जास्त अंश.
पहाटे त्या धुरकट भिंतीतून
अमिनो आम्लांचे हात बाहेर आले,
धुकं विरताना कुंपणाचे खिळे दिसावेत तसे.
एकच होता.
स्वतःच्याच खांद्यावर पाय देत चढलेला.

"पण आपलं छापून झालंय," प्यूरी म्हणाला.
"हो," म्हणाली, आणि दुरुस्तीचं पत्र लिहायला बसली.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात.
इथे सुंभ जागच्या जागी होता.
पीळ तिच्या डोक्यातला; तो जळायला
एक वर्ष लागलं आणि वर एक रात्र.

फोनवर: "बाबा, एकच निघाला."
पलीकडे बशी ठेवल्याचा आवाज.
"मग शेवट नीट बांध.
एकपदरी दोर टोकाकडूनच उसवतो."