निधान

इराण्णाची जीप त्याच्या थोरल्या मुलाहून वयानं मोठी.
दारं नाहीत, हॉर्न नाही, पुढच्या काचेला एक तडा,
तो मलप्रभेच्या नकाशासारखा दिसतो असं सगळे म्हणतात.
नकाशा कुणीच पाहिलेला नाही.

मी उद्यमबागेत फाउंड्रीचे हिशेब लिहिते.
एकवीस वर्षं स्कूटर, आरपीडीचा चौक, तिसरं रेल्वे गेट,
त्यापलीकडे माझं चाक कधी गेलं नव्हतं.
तरी कणकुंबीच्या अलीकडे, डांबर संपलं तिथं,
त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली
आणि स्वतः डावीकडं सरकून पानाला चुना लावू लागला.

नाझीमानं चारी टायरांतली निम्मी हवा सोडली.
गाडी खाली बसली, जेवण झालेल्या म्हशीसारखी.
गिअरशेजारची बुटकी दांडी मागं ओढ, म्हणाला.
ओढली. काहीतरी खोल आत दाताला दात लागला.
"चार चाकांस्नी चार वेगळ्या गोष्टी कळत्यात बघा.
सगळ्यांचं ऐकायचं. सांगायचं मात्र एकदाच."

पहिल्या घळीत तीनदा बंद पाडली.
"निधान, ताई, निधान."

कन्नडात निधान म्हणजे सावकाश.
मला ठाऊक आहे, सातवीपर्यंत माझ्या बाकावर महादेवी हिरेमठ बसायची.
पण मराठीत ते पुरलेलं धन,
आणि दुपारभर मला दोन्ही ऐकू येत राहिलं:
उतारावर ब्रेकवरचा पाय काढ, निधान,
जांभ्याच्या पायरीवर आधी उजवं चाक, निधान,
स्टिअरिंगच्या आत अंगठा घालू नकोस,
दगड लागला की चाक फिरतं आणि अंगठा जातो,
निधान.

ओढ्यात मात्र घाई केली मीच.
पलीकडचा काठ दिसला, आणि दिसला की मला धीर धरवत नाही.
गाडी पोटावर टेकली. चाकं नुसती फिरत राहिली,
तांबडी राड ग्रेटाच्या चष्म्यावर, यल्लूच्या डब्यावर,
आत जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती
तीही.
गवत कापणारा एक म्हातारा विळा खांद्याला लावून आला,
बराच वेळ उभा राहिला.
"बैल आणू काय गा?"
एवढंच. हसलासुद्धा नाही.
ते न हसणं मला सगळ्यात जास्त लागलं.

जॅक, पोती, सपाट दगड, पुन्हा जॅक.
दीड तासानं निघालो. बैल लागले नाहीत,
म्हातारा थोडा हिरमुसला असावा.

रात्री त्याच्याच कापलेल्या भातात तंबू ठोकला.
धसकटं पाठीला टोचत होती.
नाझीमाचा फोन म्हणाला, गोव्यात आपलं स्वागत आहे.
घटकाभरानं कर्नाटकात.
मग महाराष्ट्रात, तेही प्रेमानं.
आम्ही कूससुद्धा बदलली नव्हती.
ग्रेटानं उठून फोन बंद केला, भाताच्या पेंढ्यात खुपसला.

सगळे झोपले. माझा डावा पाय
अंधारात अजून क्लच दाबत होता.
निघताना धाकट्या भावानं विचारलं होतं, ह्या वयात कशाला?
तेव्हा उत्तर तयार नव्हतं.
तंबूच्या कापडावर दव जमून टपटपत होतं तेव्हाही नव्हतं.
फक्त एवढं कळलं की ओढ्याचा तो वास,
गरम क्लच, कुजका पाला, ओली माती,
उद्या परत घ्यायचा आहे.

सकाळी तोच ओढा उलट्या बाजूनं.
काठाकडं पाहिलं नाही. चाकापुढचा हातभर चिखल पाहिला,
मग पुढचा हातभर.
वर आल्यावर इराण्णा काही बोलला नाही,
पान थुंकला, एवढंच.

डांबराशी थांबून पुन्हा हवा भरायची होती.
पायाचा पंप, एका टायरला सुमारे दोनशे ठोके.
यल्लूनं मराठीत मोजायला घेतलं, इराण्णानं कन्नडात,
ग्रेटा कोकणीत, नाझीमा तिच्या उर्दूत.
चाळिसाच्या पुढं सगळ्यांचा घोळ झाला,
माझासुद्धा, जी पगार घेते ती आकडे न चुकण्याचा.

मग टायरवर लाथ मारून
अंदाजानं भरली.