सहा की सात

खलूफ मागे पडलं, तेव्हा टायरमधली हवा कमी करायला थांबलो.
थुरय्या उकिडवी बसून काडीनं वॉल्व्ह दाबत होती
आणि मला म्हणत होती, मोज, मोठ्यानं मोज,
पाढे म्हणून घ्यायची तशी.
मी एकेचाळीस वर्षांचा. बँकेत माझ्या हाताखाली नऊ माणसं.
मोजलं.

मग नुसती पांढरी वाळू, पिठीसाखर सांडल्यासारखी,
आणि डाव्या हाताला समुद्र, आपल्याच नादात.

तंबू काढला. कापड होतं, खुंट्या होत्या, दोऱ्या होत्या.
काठ्या मस्कतला, दाराआड,
विसरायला नकोत म्हणून मीच उभ्या करून ठेवलेल्या.
ती काही बोलली नाही.
काही न बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.
कापड तसंच अंथरलं, तीन कोपऱ्यांवर तीन दगड,
चौथ्यावर खजुराचा डबा,
पाय ताणून पसरली आणि म्हणाली, झालं घर.

खाली कोळी पिकअपला दोर बांधून होडी ओढत होते,
गाडी गुरगुरत होती,
एक पोरगा मागच्या फळीवर उभा राहून उगाचच हुकूम सोडत होता.
त्यांच्यातला एक म्हातारा वर आला, सुवैलम नावाचा,
आणि एक सुरमई ठेवून निघाला.
पैसे काढले तर म्हणाला, खिशात ठेव, ओले होतील.
बिनकाठ्यांच्या तंबूकडे त्यानं नीट पाहिलं.
त्यानंही काही विचारलं नाही.

मासा एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्चा.
मधला जेवढा लागला तेवढा लिंबू पिळून खाल्ला.
भाताचं पातेलं आणलं होतं. तांदूळ नव्हते.
कावा मात्र फक्कड,
वेलदोडे तिनं दातांनी फोडून टाकले.
तिचा नवरा, मुली, दवाखाना, माझं अर्धवट बांधलेलं घर,
सगळ्यांची विचारपूस गाडीतच उरकली होती.
आता बोलायला काही उरलं नव्हतं
आणि किती बरं वाटत होतं.

अंधार पडल्यावर म्हणाली, उगवले बघ मी.
थुरय्या म्हणजे कृत्तिका. आभाळातला तो चांदण्यांचा घोस.
लहानपणी काय तोरा होता तिला ह्याचा!
तुझं आहे का काही वर?
मी मुहन्नद. हिंदी पोलादाची तलवार.
तलवारीला वर जागा नाही. बँकेतही नाही.

मोज, म्हणाली.
सहा.
सात आहेत.
डोळे बारीक करून पुन्हा मोजले. सहाच.
सात, ती म्हणाली, पण जरा उशिरा,
मान भलतीकडेच वळवून,
आणि मला उमगलं, चष्मा गाडीत राहिलाय,
हिला वर नुसता धुरकट डाग दिसत असणार.
सात तिला पाठ आहेत.
हो गं, मी म्हणालो, सातवी दिसली आत्ता.

तीनच्या सुमारास पाणी वर आलं, तळव्यांना जीभ लावून गेलं.
न बोलता उठलो, कापडाची दोन-दोन टोकं धरली,
गच्चीवरची वाळत घातलेल्या खजुराची चटई
पावसाची चाहूल लागताच उचलायचो, तसंच,
ती पुढे, मी मागे, माझं टोक जरा खाली लोंबतंय.
वर आणून पुन्हा आडवे झालो.
घोरते अजून. तिच्या लग्नानंतर विसरलोच होतो.

सकाळी तिची एक चप्पल गायब.
वाळूत कोल्ह्याची पावलं, सावकाश, ओळीत,
चोरी करून पळाल्यासारखी नाहीत,
बाजार आटोपून घरी निघाल्यासारखी.
दोन टेकाडं माग काढला. मग खडक लागला.
ती उरलेली चप्पल हातात घेऊन उभी.
मी म्हटलं, चल, मस्कतला नवीन घेऊ.
थांब, म्हणाली,
वाकली, आणि ती चप्पल पावलांच्या शेवटी नीट ठेवली, तोंड खडकाकडे करून.
एकीचं काय करील तो बिचारा.

मग वाळू तापायच्या आत
गाडीकडे पळत सुटली, अनवाणी, चव्वेचाळीस वर्षांची,
आणि किल्ली माझ्याकडे आहे हे दारापाशी पोचल्यावर तिला आठवलं.